लकव्यानंतरचा बरा हात: पैसा कशावर लावावा, कशावर नको

दवाखान्यातून सुट्टी मिळते त्या दिवशी घरचे लोक तीन गोष्टी विचारतात. गोळ्या किती दिवस, हात कधी उठेल, आणि फिजिओवाल्याला रोज घरी बोलवायचे का. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे डॉक्टर देतात. तिसऱ्याचे उत्तर घरच्या पैशात असते. ते नीट न ठरवल्यामुळे वऱ्हाडातली कितीतरी घरे पहिल्या तीन महिन्यांत जमापुंजी संपवतात आणि चौथ्या महिन्यापासून सगळाच व्यायाम बंद करतात.

हा आजार आता शहरापुरता राहिलेला नाही. गडचिरोलीच्या ‘सर्च’ संस्थेने ८६ गावांत मृत्यूंची पाहणी केली तेव्हा १४.३ टक्के मृत्यू लकव्याने झालेले आढळले. दुसऱ्या कोणत्याही एका कारणाने त्याहून जास्त माणसे गेली नव्हती. ही पाहणी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. जी माणसे वाचतात, त्यांना पुढची अनेक वर्षे एका बाजूच्या भरवशावर काढायची असतात. त्या बाजूचा व्यायाम जवळजवळ फुकटात होतो आणि त्याच्याकडे सहसा कोणी पाहत नाही. म्हणून आजचा हिशेब त्याच बाजूभोवती मांडला आहे.

बरी बाजूही पूर्ण बरी नसते

मेंदूचा डावा भाग शरीराची उजवी बाजू चालवतो आणि उजवा भाग डावी, हे बहुतेकांना ठाऊक असते. पण प्रत्येक भागाचा थोडा अंमल स्वतःच्या बाजूच्या हातावरही असतो. त्यामुळे मेंदूच्या एका भागाला इजा झाली की दोन्ही हातांत फरक पडतो. एका हातात तो ढळढळीत दिसतो, तर दुसऱ्यात लपून राहतो. बरा म्हणवणारा हात बटण लावताना चाचपडतो, चमचा तोंडापर्यंत जाईस्तोवर भाजी सांडतो, किल्ली कुलपात बसत नाही. घरचे म्हणतात, वय झाले, सवय नाही. तेही थोडे खरे असते, पण त्यात मेंदूच्या इजेचाही वाटा असतो.

अमेरिकेतील पेन स्टेट विद्यापीठातले रॉबर्ट सेनबर्ग आणि त्यांचे सहकारी अनेक वर्षे नेमके हेच तपासत आहेत. त्यांच्या कामातून दिसलेली एक गोष्ट घरीही उपयोगाची आहे. मेंदूच्या डाव्या भागाला इजा झालेल्यांचा, म्हणजे उजवी बाजू गेलेल्यांचा, डावा हात वस्तूकडे सरळ रेषेत जात नाही. तो वाकडा जातो, सांध्यांचा मेळ बसत नाही. उजव्या भागाला इजा झालेल्यांचा उजवा हात सुरुवात नीट करतो, पण ठरल्या जागी नेमका थांबत नाही, स्थिर राहत नाही. ही विभागणी ढोबळ आहे. तुमच्या रुग्णात काय आहे ते तपासूनच कळेल. याच गटाने लकव्याला बराच काळ लोटलेल्या आणि बाधित हात फारच कमी चालणाऱ्या लोकांना बऱ्या हाताचा पद्धतशीर सराव दिला. आठवड्यातून तीन सत्रे, काही आठवडे. त्यानंतर रोजची कामे त्या हाताने लवकर होऊ लागली.

पायाबाबत आणखी एक नोंद आहे. एका बाजूच्या व्यायामाने दुसऱ्या बाजूची ताकद थोडी वाढते, हे येल विद्यापीठाच्या स्क्रिप्चर यांनी १८९४ मध्ये निरोगी माणसांत दाखवले होते. कॅनडातल्या ड्रॅगर्ट आणि झेर यांनी २०१३ मध्ये लकवा झालेल्यांच्या फक्त बऱ्या पायाला सहा आठवडे जोराचा व्यायाम दिला. पाऊल वर उचलण्याचा तो व्यायाम होता. बऱ्या पायाची ताकद सुमारे ३४ टक्के वाढली आणि व्यायाम न दिलेल्या लकव्याच्या पायाची सुमारे ३१ टक्के. अभ्यास लहान होता, आणि ताकद वाढली म्हणजे चाल सुधारलीच असे धरू नये. पण ज्याचे पाऊल अजिबात उचलले जात नाही, त्याला सुरुवात करायला एक जागा मिळते.

आता सगळ्यात महत्त्वाची अट. बऱ्या हाताच्या नादात लकव्याचा हात सोडून देऊ नका. मनगट आणि बोटे थोडी जरी उघडत असतील तर पहिला हक्क त्याच हाताचा. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘एक्साइट’ या अमेरिकी चाचणीत २२२ रुग्ण होते, सगळे लकवा होऊन तीन ते नऊ महिने झालेले. त्यांच्यातल्या एका गटाचा बरा हात दोन आठवडे जागेपणीचा बहुतेक वेळ हातमोज्यात अडकवून ठेवला आणि लकव्याच्या हाताकडून काम करून घेतले. तो हात सुधारला. म्हणजे पहिल्या काही महिन्यांत हात थोडाफार चालत असेल तर पैसा आणि वेळ लकव्याच्या हातावर, उभे राहण्यावर आणि चालण्यावर. सहा महिने, वर्ष उलटले आणि हात जवळजवळ निर्जीवच राहिला, तर बऱ्या हाताला दुय्यम मानणे चूक आहे. पुढचे सगळे आयुष्य त्याच्यावर आहे.

फिजिओथेरपीचा हिशेब

खाली दिलेले खासगी दर आणि किमती हिशेब मांडण्यापुरते अंदाज आहेत. अमरावतीच्या राजापेठेतला दर परतवाड्यात लागू होणार नाही. तुमच्या भागातले आकडे फोनवर विचारून घ्या आणि बेरीज पुन्हा करा.

घरी येणाऱ्या फिजिओथेरपिस्टचे एका वेळचे ४०० रुपये धरा. महिन्याचे २६ दिवस म्हणजे १०,४०० आणि तीन महिन्यांचे ३१,२००. पहिल्या तीन महिन्यांत ऐपत असेल तर हा खर्च वाया जात नाही. त्या काळात जाणत्या हाताखालचा सराव जितका जास्त तितका चांगला. इथे काटकसर करण्याचा सल्ला मी देणार नाही. ‘घरच्यांना शिकवून टाका, फिजिओ कशाला’ असे म्हणणाऱ्यांसाठी भारतातलाच पुरावा आहे. ‘अटेंड’ नावाची चाचणी १४ रुग्णालयांत १,२५० रुग्णांवर झाली आणि २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आली. कुटुंबाला प्रशिक्षण देऊन घरी व्यायाम करून घेतलेल्या गटात आणि नेहमीचे उपचार घेतलेल्या गटात सहा महिन्यांनी मृत्यू आणि परावलंबन सारखेच होते. घरच्यांची मदत लागतेच, पण ती तज्ज्ञाची जागा घेत नाही.

सहा महिन्यांनंतर गणित बदलते. तेव्हा रोज माणूस बोलावण्याची गरज बहुतेकांना नसते. नीट तपासणी, लिहून दिलेला कार्यक्रम आणि मधून मधून दुरुस्ती एवढे पुरते. सविस्तर तपासणीचे ५०० रुपये. पहिले तीन आठवडे आठवड्यातून तीनदा घरी, म्हणजे नऊ वेळा ४००, झाले ३,६००. पुढचे नऊ आठवडे आठवड्यातून एकदा क्लिनिकमध्ये, २५० प्रमाणे २,२५०. तीन महिन्यांचे एकूण ६,३५०. रोज घरी बोलावण्यापेक्षा २४,८५० रुपये कमी.

पहिल्याच भेटीत काही गोष्टी स्पष्ट मागा. दोन्ही हातांची तपासणी, दोन्हींची नोंद आणि घरी करायचा व्यायाम कागदावर, मराठीत, किती वेळा ते लिहून. ‘मी येतो ना रोज, तुम्हाला काय करायचंय’ असे उत्तर आले तर दुसरा फिजिओ शोधा. महाराष्ट्रात फिजिओथेरपिस्ट आणि ऑक्युपेशनल थेरपिस्टची नोंदणी राज्य परिषदेकडे होते, त्यासाठी २००२ चा कायदा आहे. नोंदणी क्रमांक विचारण्यात संकोच नको. मालिश करणारा हा फिजिओ नव्हे. आणि ज्या सत्रात पाऊण तास फक्त शेक आणि करंट लावला जातो, रुग्ण स्वतः काहीच हालचाल करत नाही, त्या सत्राचे पैसे तुम्ही रुग्णाने झोपून राहण्यासाठी देत आहात.

रोजची कामे एका हाताने कशी करावीत हे शिकवण्याचे खरे काम ऑक्युपेशनल थेरपिस्टचे. अमरावती आणि अकोला या आपल्या दोन्ही शहरांत ते शोधावे लागतात. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात या विषयाचे शिक्षण दिले जाते. एकदा तिथे जाऊन तपासून आले आणि पुढचे गावच्या फिजिओकडून करून घेतले, तरी चालते.

सरकारी दार आधी ठोठवा

अमरावतीचे इर्विन रुग्णालय आणि अकोल्याचे सर्वोपचार रुग्णालय, दोन्हीकडे फिजिओथेरपी मिळते. आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरसह उपचार मोफत आहेत. वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांचे दरपत्रक वेगळे असते, पण खासगीच्या मानाने ते नाममात्र. अडचण गर्दीची आहे. एका रुग्णाला मिळणारा वेळ थोडा. म्हणून तिथे रोज जाण्यापेक्षा तपासणीसाठी, कार्यक्रम लिहून घेण्यासाठी आणि महिन्याने तो वाढवून घेण्यासाठी जा. थोड्या वेळात नेमके काय मागायचे ते ठरवून गेलात तर तेवढाही वेळ पुरतो.

महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत आता कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे, पण ते दाखल असतानाच्या उपचारांसाठी. सुट्टीनंतर महिनोन् महिने चालणारी फिजिओथेरपी त्यात धरू नका. चौकशीचा क्रमांक १५५३८८. खासगी मेडिक्लेम असेल तर कागद काढून वाचा. बऱ्याच पॉलिसींत सुट्टीनंतरच्या ठरावीक दिवसांचा, अनेकदा ६० दिवसांचा, खर्च मिळतो आणि डॉक्टरांनी लेखी सांगितलेली फिजिओथेरपी त्यात बसू शकते. त्यासाठी डॉक्टरांची चिठ्ठी, प्रत्येक सत्राची पावती आणि पावतीवर नोंदणी क्रमांक हवा. पावती न घेतलेले पैसे परत मिळत नाहीत.

प्रवासाचा खर्च लोक विसरतात. अकोट, दर्यापूर किंवा अचलपूरहून खासगी गाडी करून आठवड्याला येणे हे फिजिओच्या फीपेक्षा महाग पडते. बसता येत असेल तर एसटी घ्या. ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना प्रवास मोफत, ६५ ते ७५ वयाच्यांना निम्मे भाडे आणि १७ मार्च २०२३ पासून सर्व महिलांनाही निम्मे. म्हणजे आजारी सासरे आणि सोबत सून, दोघांची सवलत धरून हिशेब करा. अपंगत्व ४० टक्के किंवा अधिक ठरले तर दिव्यांग प्रमाणपत्रावर एसटीत वेगळी सवलत आहे. लकव्यात हे प्रमाणपत्र साधारण सहा महिन्यांनी, स्थिती स्थिरावल्यावर काढतात. अर्ज ऑनलाइन, कार्डाला पैसे लागत नाहीत. मेळघाटातून, धारणीहून येणाऱ्यांसाठी अमरावतीचा प्रत्येक फेरा म्हणजे अख्खा दिवस आणि घरातल्या एकाची मजुरी. त्यांनी डॉक्टरांना आधीच सांगावे, की तपासणी, औषधे आणि व्यायामाचा कागद एकाच फेरीत द्या.

काय विकत घ्यायचे

सगळ्यात आधी बीपीचे डिजिटल यंत्र, दीड ते अडीच हजार. दंडाला पट्टा बांधायचे घ्या, मनगटावरचे नको. ते परवडत नसेल तर गावच्या आरोग्यवर्धिनी केंद्रात बीपी मोजून मिळते, बीपीच्या गोळ्याही मिळतात. दुसरा लकवा टाळणे हा सगळ्यात मोठा नफा आहे, म्हणून हा खर्च पहिला.

बऱ्या हातासाठी डंबेल लागत नाही. पाण्याने भरलेली अर्ध्या लिटरची बाटली म्हणजे अर्धा किलो, लिटरची म्हणजे एक किलो. रबरी पट्टा हवा असेल तर तीनशे ते सहाशेत येतो. पायाला बांधायचे वजन चारशे ते आठशे. चार पायांची काठी पाचशे ते नऊशे. ती मात्र उंची मोजून, फिजिओला विचारूनच घ्या. ताटाखाली घालायला घसरू न देणारी चटई मिळते, पण ओला करून पिळलेला पंचा तेच काम करतो.

घेऊ नयेत अशाही वस्तू आहेत. दाराला टांगायची पुली मेडिकलच्या दुकानात दोन-चारशेत मिळते आणि लोक हौसेने आणतात. बऱ्या हाताने दोरी ओढून लकव्याचा हात वर खेचला की खांदा दुखावतो. तज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचनांत लकव्याच्या खांद्यासाठी हा प्रकार नको म्हटले आहे. घट्ट मिटलेल्या बोटांत चेंडू देऊन दिवसभर दाबायला लावणेही फिजिओला विचारल्याशिवाय नको, मूठ आणखी आवळते. चेंडू बऱ्या हाताला द्या.

आणि कबुतराच्या रक्ताची मालिश, झाडपाल्याची पुडी, ‘लकवा उतरवणारा’ माणूस. यावर खर्च झालेल्या पैशापेक्षा गेलेल्या वेळाचे नुकसान मोठे. पहिल्या साडेचार तासांत दवाखाना गाठला तर गुठळी विरघळवणारे इंजेक्शन देता येऊ शकते. चेहरा वाकडा, हात लुळा, बोलणे अडखळते, असे दिसताच १०८ ला फोन करा.

ताटापासून सुरुवात

बऱ्या हाताचा सर्वोत्तम व्यायाम जेवण आहे, आणि नेमका तोच आपल्या घरांत हिरावला जातो. उजवी बाजू गेलेल्या माणसाने डाव्या हाताने घास घेतला की त्यालाच अवघडल्यासारखे होते. पंगतीत तर तो जेवायलाच बसत नाही. मग मुलगा म्हणतो, “राहू द्या बाबूजी, तुमच्याच्यानं नाही होत, मी भरवून देतो.” यामागे माया असते, पण त्या मायेपोटी दिवसातून तीन वेळचा सराव बुडतो. आठवड्याला २५० रुपये देऊन जे शिकवून घ्यायचे ते ताटातच होते. डाव्या हाताने जेवण्यात काही अशुभ नाही, हे घरातल्या सगळ्यात वडीलधाऱ्या माणसाने एकदा मोठ्याने सांगावे. त्याचा उपयोग कोणत्याही उपकरणापेक्षा जास्त होईल.

पहिले काही दिवस जाड दांड्याचा चमचा आणि काठ असलेली खोल थाळी द्या. वरण-भात आधी, भाकरीचा तुकडा मोडणे नंतर. सांडेल, सांडू द्या. तोंडात घास अडकणे किंवा पाणी पिताना ठसका लागणे मात्र वेगळी गोष्ट. तसे असेल तर डॉक्टरांना दाखवल्याशिवाय सराव नको.

प्रगती मोजायला मोबाइलचे घड्याळ पुरे. थेरपिस्ट वापरतात त्या चाचण्यांत पत्ते उलटणे, बारीक वस्तू उचलणे, चमच्याने दाणे नेणे अशीच कामे असतात. घरी दहा नाणी उचलून वाटीत टाकायला किती सेकंद लागतात, चमच्याने एका थाळीतले हरभरे दुसरीत न्यायला किती, दहा पत्ते उलटायला किती, शर्टाची तीन बटणे लावायला किती, हे दर रविवारी लिहा. रुग्णाच्याच वयाच्या घरातल्या माणसाने त्याच हाताने ही कामे एकदा करावीत, म्हणजे तुलना कळते.

सरावात ताकदीपेक्षा नेमकेपणाला जास्त वेळ द्या. उजवी बाजू गेली असेल तर टेबलावर खडूने सरळ रेघ ओढून वाटी तिच्यावरून संथ, न थांबता सरकवायची. डावी बाजू गेली असेल तर खडूचे लहान गोल काढून भरलेला पेला नेमका गोलात ठेवायचा आणि हात तिथेच पाच आकडे स्थिर धरायचा. आठवड्यातून तीन दिवस, अर्धा ते पाऊण तास, मध्ये विश्रांती. वजनाचे व्यायाम दहा-बारा वेळा, दोन फेऱ्या, सोपे वाटले तरच वजन वाढवायचे. पायासाठी खुर्चीवरून उठणे-बसणे आणि ओट्याला धरून टाचा उचलणे, शेजारी कोणीतरी उभे असतानाच.

बरा हात जोर लावतो तेव्हा लकव्याचा हात आपोआप आखडतो. तो उशीवर टेकवून ठेवा, आखडणे वाढले तर वजन कमी करा. श्वास रोखायचा नाही, आकडे मोठ्याने म्हणायचे. बीपी १८०/११० च्या वर असेल तर त्या दिवशी व्यायाम नाही, डॉक्टरांना फोन. छातीत दुखले, चक्कर आली, दम लागला तर लगेच थांबा. हृदयाचा आजार असलेल्यांनी सुरू करण्यापूर्वीच विचारावे. एप्रिल-मे महिन्यांत अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, तेव्हा सगळा व्यायाम सकाळी सातच्या आत उरकावा आणि पाणी जवळ ठेवावे.

तीन महिन्यांचा पूर्ण हिशेब, सहा महिन्यांनंतरच्या रुग्णासाठी: फिजिओ ६,३५०, बीपीचे यंत्र सुमारे १,८००, पट्टा आणि पायाचे वजन मिळून १,०००. म्हणजे ९,१५० आणि वर एसटीचे भाडे. सरकारी ओपीडीतून कार्यक्रम लिहून घेतला आणि बाटल्यांवर भागवले तर यंत्र आणि भाड्याशिवाय खर्च नाही. पुढच्या वेळी ओपीडीत जाल तेव्हा बऱ्या हाताची वेळ लिहिलेला कागद सोबत न्या आणि सांगा, “हा हातसुद्धा तपासून द्या.”